नृत्य-विद्यार्थ्यांच्या शारीरिक ताणाची नोंद ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू महोदय

विषय : सरावाचा भार, दुखापती व विश्रांती यांची नियमित नोंद सुरू करणे

महोदय,

आम्ही कथक व भरतनाट्यमच्या पदवी वर्गांतील विद्यार्थी. युवा महोत्सवाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी हे निवेदन सादर करीत आहोत.

एकेका पायात शंभर-दीडशे घुंगरू बांधून अनवाणी तत्कार, अरैमंडीत बसून तासन्‌तास अडवू, आणि खाली काँक्रीटवर बसवलेली फरशी. प्रत्येक आघात नडगी, घोटा, गुडघा आणि कंबर सोसते. नडगीच्या दुखण्याकडे दुर्लक्ष झाले तर हाडाला बारीक चीर जाऊ शकते, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती पुष्कळदा दिसतही नाही. तोवर ‘रियाज कमी पडतोय’ एवढेच ऐकू येते. गुरुजनांविषयी आमची तक्रार नाही. कोण किती थकले आहे, हे कळण्याचे साधनच त्यांच्या हाती नाही.

हे साधन महागडे नाही. खेळाडूंसाठी रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे, सरावानंतर विद्यार्थ्याने आपल्या श्रमाला ० ते १० पैकी गुण द्यावेत आणि त्यांना मिनिटांनी गुणावे. ९० मिनिटांच्या तत्काराला ७ गुण दिले, तर भार ६३०. सोबत झोपेचे तास, सकाळची नाडी, दुखरी जागा. एका दिवसाच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. आठवड्याचा भार नेहमीपेक्षा एकदम चढला की सावध व्हायचे. महोत्सवाआधी नेमके तेच होते. मुलींची पाळी लांबणे किंवा थांबणे हेही, श्रमांच्या मानाने आहार अपुरा असल्याचे लक्षण असू शकते. ही माहिती मात्र केवळ महिला डॉक्टरांकडेच राहावी.

तरी अशी नोंदवही चालू सत्रापासून सुरू करावी, आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट विभागात यावेत, आणि निदान एका तालीम-खोलीत तरी लवचीक लाकडी जमीन बसवावी. दुखापत झालेल्याने बसून पढंत केली, ताल धरला, तर त्याची हजेरी लागावी.

आमचा सर्वाधिक आग्रह पुढील अटीचा आहे : या नोंदींचा वापर अंतर्गत गुणांसाठी किंवा महोत्सवाच्या संघनिवडीसाठी होणार नाही, असे लेखी आदेश निघावेत. नाहीतर सगळेच खोटे आकडे लिहितील; आम्हीसुद्धा.

तालमींचे वेळापत्रक लागण्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
नृत्य विभागातील विद्यार्थी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)