पंधरा वर्षांच्या मुलाचे ताट कोणी विसळायचे?

घरात स्वमग्न मूल असले की साऱ्या घराचे बोलणे नकळत एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : ‘त्याला काय कळते?’ मूल लहान असताना या वाक्यात निखळ माया असते. तोच मुलगा पंधरा वर्षांचा झाला, मिसरूड फुटले, अंगात बळ आले, की त्या वाक्याचे कुंपण होते. जेवलेले ताट आई उचलते, शर्टाची बटणे आजी लावते, दुकानातून न विचारता घेतलेल्या बिस्किटांचे पैसे वडील मुकाट्याने देऊन येतात. मुलगा मोठा होतो. घर मात्र त्याला मोठे होऊ देत नाही.

दुसऱ्या टोकाची घरेही आहेत. वरातीतील डीजेच्या दणदणाटाने मुलगा कान झाकून रस्त्यातच बसला, की ‘हट्टी आहे, दोन फटके लावा’ असा सल्ला देणारे आप्त चार पावलांवर उभेच असतात. स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम हे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण आहे. आवाज, गर्दी, ठरलेल्या क्रमातील अचानक बदल यांचा भार असह्य झाला की मुलाचा तोल सुटतो. त्या क्षणी दिलेली शिक्षा काहीही शिकवीत नाही. तेव्हा शांत कोपरा हवा, मोजके शब्द हवेत. परंतु तो सावरल्यावर, फेकलेला तांब्या त्याने उचलावा, सांडलेले पाणी आपल्यासोबत पुसावे, ही अपेक्षा ठेवण्यात क्रौर्य नाही. जे त्याला झेपतच नाही आणि जे आपण कधी शिकविलेच नाही, यांतील भेद आई-वडिलांनी ओळखावयास हवा.

शिकविण्याची रीत मात्र वेगळी. ‘मोठा झालास, शहाण्यासारखा वाग’ हे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ताट उचल, मोरीत ठेव, नळ सोड, अशा तीन पायऱ्या, शक्य तर भिंतीवरील तीन चित्रांसह, रोज त्याच वेळी आणि त्याच क्रमाने सांगितल्या तर पोहोचते. महिनेच्या महिने लागतात. ताट स्वतः विसळून टाकणे आईला केव्हाही सोपेच! वयात येताना दार लावून कपडे बदलणे, परक्याला न विचारता स्पर्श न करणे, हेही असेच शिकवावे लागते. संकोचापोटी घरे हा विषय टाळतात आणि त्याची किंमत पुष्कळदा त्या मुलालाच मोजावी लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यास काही पाश्चात्त्य तज्ज्ञांनी आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, असा सिद्धान्त मांडला होता. शास्त्राने तो केव्हाच टाकून दिला. आपल्या गल्लीबोळांत तो अजून नांदतो; तेथे त्याला सिद्धान्त म्हणत नाहीत, एवढेच.

अचलपूर-परतवाड्याच्या वाचकांना उदाहरण दूर शोधावयास नको. तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथील मुलांचे अपंगत्व निरनिराळे आहे. वझ्झर म्हणजे स्वमग्नतेवरील उपाय असे कोणी समजू नये. पण त्या मुलांच्या हातांनी तेथे हजारो झाडे लागली. तेथेच वाढलेली दृष्टिहीन माला पापळकर २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. बाबांनी मुलांवर माया केली आणि त्यांच्याकडून कामाची अपेक्षाही ठेवली.

अठरा वर्षांनंतर अशा मुलांनी बालगृह सोडून जावयाचे कोठे, हा प्रश्न शंकरबाबा वर्षानुवर्षे शासनाला विचारीत आले आहेत. आई-वडील असलेल्या घरांनाही तो चुकत नाही. अठरा पूर्ण होताच कायदा मुलाला सज्ञान मानतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर मर्यादित पालकत्वात त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यावा, असे म्हटले आहे. मग विचारल्यावर उत्तर देण्याची सवय त्याला घरी कधी लागणार? आज कोणता शर्ट, भाकरी की पोळी, येथून प्रारंभ करता येतो. पुढे अमरावतीला तो अर्ज घेऊन जाताना मुलालाही सोबत न्यावे. समितीसमोर आपले नाव त्याने स्वतः सांगावे. बोलता येत नसेल तर लिहून दाखवावे.