दाताच्या दवाखान्याची तपासणी कोण करतं?

आमच्या नात्यातली एक मुलगी लग्नानंतर इंग्लंडला, लेस्टरला राहायला गेली. तिथे दाढ दुखायला लागली तेव्हा शेजारणीने तिला दोन दवाखान्यांची नावं दिली आणि वर सांगितलं, "जाण्याआधी त्यांचा तपासणी अहवाल वाचून घे." तिने मोबाईलवर दवाखान्याचं नाव टाकलं. अहवाल समोर आला. हत्यारं कशी धुतली जातात, ऑक्सिजनचं सिलिंडर भरलेलं आहे का, तक्रारींची नोंद ठेवतात का, सगळं त्यात लिहिलेलं होतं. एका दवाखान्याला तर काय सुधारायचं तेही सरळ शब्दांत सांगितलं होतं. तिने तो अहवाल आमच्या घरच्या ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "आपल्याकडे असं कुठे बघायचं?"

ग्रुपवर डॉक्टर आहेत, वकील आहेत, आम्ही मास्तर मंडळीही आहोत. उत्तर कुणाकडेच नव्हतं. म्हणून या प्रश्नाकडे जरा नीट बघायचं आम्ही ठरवलं.

इंग्लंडमध्ये हे काम केअर क्वालिटी कमिशन नावाची संस्था करते. २००८ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि २००९ पासून काम करू लागली. २०११ पासून दातांच्या दवाखान्यांनाही तिच्याकडे नोंदणी सक्तीची झाली. दवाखाना सरकारी पैशावर चालणारा असो की पूर्ण खासगी, नोंदणीशिवाय उपचार करता येत नाहीत. निरीक्षक येतात तेव्हा मुळात पाचच प्रश्न घेऊन येतात. इथे रुग्ण सुरक्षित आहे का? उपचार योग्य आणि परिणामकारक आहेत का? माणसं आपुलकीने वागतात का? रुग्णाच्या गरजेप्रमाणे सेवा मिळते का? आणि दवाखाना चालवणाऱ्याचं सगळ्यावर नीट लक्ष आहे का?

प्रश्न साधे वाटतात, पण उत्तरं तोंडी चालत नाहीत. "आम्ही हत्यारं निर्जंतुक करतो" एवढं म्हणून भागत नाही. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणारं यंत्र, रोज चाचणी करून वापरतात का, त्याची वही दाखवा. नळ्यांतल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून काय करता, ते दाखवा. भूल दिल्यावर कुणाला झटका आला तर लागणारी औषधं कुठे आहेत, त्यांची मुदत संपलेली नाही ना, तेही दाखवा. कमी आढळली तर लेखी कळवतात. कमी गंभीर असेल तर नोटीस निघते, आणि त्याहून गंभीर असेल तर दवाखाना बंद करण्यापर्यंत अधिकार आहेत. हॉस्पिटलांना तिथे 'उत्तम', 'चांगलं' असे शेरे मिळतात, दातांच्या दवाखान्यांना मिळत नाहीत. पण अहवाल मात्र सगळ्यांसाठी खुला असतो.

तिथे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. २०१४ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या एका दंतवैद्याचं लपून केलेलं चित्रीकरण समोर आलं. हातमोजे न बदलता, हत्यारं नीट साफ न करता तो एकामागून एक रुग्ण तपासत होता. त्याच्याकडे उपचार घेतलेल्या सुमारे २२ हजार लोकांना रक्त तपासून घ्या असं कळवावं लागलं. तपासणीची यंत्रणा तेव्हाही होतीच, पण प्रकार उघडकीला आला तो आतल्याच माणसाने तोंड उघडलं म्हणून. पुढे २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांच्या अहवालाने याच कमिशनच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले आणि तिथल्या आरोग्यमंत्र्यांनाही संस्था कामाला उतरत नसल्याचं मान्य करावं लागलं. शिवाय सरकारी दरात दंतवैद्य मिळवणं ही तिथली मोठी डोकेदुखी आहे. अहवाल वाचता येतो, पण नंबर लागत नाही, अशी गत.

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे तपासणी म्हणजे काय हे आम्हाला चांगलंच ठाऊक आहे. साहेब येणार म्हटलं की फळ्यावर सुविचार येतो, भिंतीला चुना लागतो, वर्षभर कुलूपबंद असलेली प्रयोगशाळा उघडते आणि मुलांना सांगितलं जातं, "विचारलं तर हो म्हणायचं." साहेब चहा पिऊन जातात, शेरेबुकात दोन ओळी पडतात. ते शेरेबुक पालकांनी कधी पाहिलंय का? तेव्हा नुसत्या तपासणीवर आमचाही भाबडा विश्वास नाही. मग इंग्लंडच्या पद्धतीत घेण्यासारखं काय आहे? आमच्या मते एकच गोष्ट: शेरेबुक पालकांच्या हातात दिलेलं आहे. तपासणीत काय आढळलं हे रुग्णाला घरबसल्या वाचता येतं. साहेब आणि संस्थाचालक यांच्यातला कागद तिथे सगळ्यांचा होतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. तमिळनाडूत तिरुपत्तूर जिल्ह्यात वाणियमबाडी नावाचं गाव आहे. चामड्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध, मुस्लिम वस्ती मोठी. २०२२-२३ मध्ये त्या भागातली माणसं ताप, डोकेदुखी, तोंड वाकडं होणं अशा तक्रारी घेऊन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात येऊ लागली. आजार निघाला मेलिऑइडोसिस, आणि तो मेंदूपर्यंत पोचलेला. याचे जीवाणू माती-पाण्यात राहतात. डॉक्टरांनी धागे जुळवले तेव्हा दहा रुग्णांचा माग एकाच दातांच्या दवाखान्यापर्यंत गेला. त्या दहापैकी आठ जण दगावले. २०२५ मध्ये लॅन्सेटच्या दक्षिण-पूर्व आशियाच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला, तेव्हा बातमी देशभर पोचली.

कारण काय निघालं? सलाईनची बाटली. हिरडी सोडवायच्या हत्यारानेच बाटलीचं झाकण उघडायचं, लागेल तेवढं सलाईन घ्यायचं, बाटली सैल बंद करून ठेवायची आणि पुढच्या रुग्णाला त्यातलंच वापरायचं. एवढीच चूक. महागडं यंत्र नव्हतं म्हणून ती माणसं गेली नाहीत. दर रुग्णाला नवी बाटली उघडली असती तर ही वाट बंद झाली असती.

आणि कायदा नव्हता असंही नाही. तमिळनाडूत खासगी दवाखान्यांच्या नियमनाचा कायदा १९९७ पासून आहे, त्याचे नियम २०१८ मध्ये आले. पण बाटली कशी उघडली जाते हे माणसं जाण्याआधी कुणी बघितलं नाही. चौकशी पोचली ती माणसं आजारी पडल्यावर.

महाराष्ट्रात काय स्थिती आहे? दंतवैद्याची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे होते. म्हणजे पदवी खरी आहे का, हे तपासलं जातं. बोगस डॉक्टर शोधायला जिल्हा पातळीवर समित्या आहेत, त्याही पदवीच बघतात. एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सुया, रक्ताळलेला कापूस, काढलेले दात यांची विल्हेवाट २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे लावावी लागते, ते काम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अखत्यारीत येतं. नर्सिंग होमचा १९४९ चा कायदा आहे, पण तो रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी. दाताच्या साध्या दवाखान्यात खाट नसते, खुर्ची असते. केंद्राने २०१० मध्ये सर्व दवाखान्यांसाठी क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला, तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला, त्याचा मुख्य भर शिक्षण, नोंदणी आणि व्यवसायातल्या नीतीवर आहे. दर्जाचं प्रमाणपत्र देणारी एनएबीएच ही व्यवस्था आहे, पण ती ऐच्छिक. ज्याला हवं तो घेतो.

थोडक्यात, भिंतीवरची पदवी एक खातं बघतं, एक्स-रे दुसरं, कचरा तिसरं. पण खुर्चीवर बसलेल्या आपल्या अम्मीच्या तोंडात जाणारं हत्यार आधीच्या माणसानंतर नीट निर्जंतुक झालं का, हे नियमाने येऊन बघणारं आणि बघून आपल्याला सांगणारं कुणी नाही.

याची झळ कुणाला बसते? पैसेवाला मोठ्या शहरात मोठ्या दवाखान्यात जातो. मोहल्ल्यातली खाला मात्र शंभर-दोनशे रुपये जिथे कमी तिथे जाते, कारण दुखणं थांबायला हवं आणि घरही चालायला हवं. "डॉक्टर ओळखीचे आहेत" एवढ्यावर आपला एतबार असतो. ओळख चांगलीच, पण ओळखीने जंतू मरत नाहीत.

या प्रश्नाची दुसरी बाजूही आमच्या घरातलीच आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक मुली बीडीएस झाल्या. आमच्याच वर्गात शिकलेल्या दोघी आज दवाखाना चालवतात. त्यातली एक म्हणाली, "सर, मी प्रत्येकाला वेगळं पाकीट फोडते, ऑटोक्लेव्हची वही ठेवते. त्याचा खर्च फीमध्ये येतो. समोरच्या गल्लीत हत्यारं नुसती उकळून काम करतात आणि स्वस्तात दात काढतात. पेशंट तिकडे जातो." तपासणी म्हटली की डॉक्टर मंडळींना हप्ता आणि त्रास आठवतो, आणि ही भीती खोटी नाही. पण अहवाल जर उघडा असेल तर हप्ता देऊन लपवण्यासारखं फार उरत नाही, आणि नीट काम करणाऱ्या या मुलीची मेहनत पेशंटला दिसते. आज तिची वही कुणी वाचत नाही. खरं तर तपासणीची सर्वात जास्त गरज तिलाच आहे.

सरकारकडे मागणी करायचीच आहे. खाट असो की खुर्ची, प्रत्येक दवाखान्याची नोंदणी एकाच ठिकाणी व्हावी, तपासणी अचानक व्हावी आणि अहवाल मराठीत, उर्दूतही, सगळ्यांना वाचता यावा. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. इंग्लंडचा निरीक्षक जे विचारतो त्यातलं बरंचसं आपणही विचारू शकतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारा. हत्यारांचं सीलबंद पाकीट आपल्या समोर फोडायला सांगा. पाकिटावरची खूण वाफेने रंग बदलते, ती बघा. हातमोजे नवे, सुई नवी, सलाईन नव्याने उघडलेलं आहे ना, हे बघा. शुगर, ब्लड प्रेशर, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर स्वतःहून सांगा. पावती घ्या, कारण तक्रारीची वेळ आली तर दंत परिषद असो की ग्राहक आयोग, पहिला कागद तोच लागतो.

विचारताना आवाज चढवायची गरज नाही. आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे बेअदबी समजली जाते, विशेषतः बायकांनी विचारलं तर. पण शरीर ही अमानत आहे असं आपण मुलांना शिकवतो, मग ती कुणाच्या हाती देतोय हे विचारणं बेअदबी कशी? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आमची ती विद्यार्थिनी तर म्हणाली, "सर, कुणी विचारलं तर मला बरंच वाटतं."

लेस्टरच्या मुलीला आम्ही शेवटी ग्रुपवर उत्तर लिहिलं: "आपल्याकडे बघायला अजून काही नाही बेटा. सध्या आम्ही विचारायला सुरुवात केली आहे."