पोलिसांची जुनी जीप घेताना किलोमीटर नाही, तास मोजा



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. होड्या वर ओढून झाल्या, जाळी दुरुस्तीला काढली, आणि हातात मोबाईल. या दिवसांत आपल्या ग्रुपवर पोलीस खात्याच्या लिलावातल्या जुन्या गाड्यांचे फोटो फिरतायत. बोलेरो, सुमो, एखादी जिप्सी. जेटीवर ये-जा करायला अशी दणकट गाडी कमी पैशांत मिळत असेल तर कोणाला नको? दोघा-तिघांनी संस्थेकडे त्यासाठी कर्जही विचारलंय. म्हणून आमचं मत उघड मांडतो. गाडी घ्यायला आमचा विरोध नाही. पण बोलीचा आकडा हीच गाडीची किंमत, असं धरून कोणी हंगामाचे पैसे घालू नयेत.

पहिली गोष्ट इंजिनाची. जुनं बोटीचं इंजिन घ्यायला गेलो तर आपण काय विचारतो? "किती तास चाललंय?" किलोमीटर कोणी विचारत नाही, कारण बोट जाग्यावर उभी असली तरी इंजिन झिजतं हे आपल्याला ठाऊक आहे. पोलिसांच्या जीपचंही तेच. बंदोबस्ताला, नाक्यावर, रात्रीच्या गस्तीला ती तासन् तास उभी असते आणि इंजिन चालूच असतं. मीटर मात्र हलत नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीने आपल्या पोलीस गाड्यांसाठी एक हिशेब दिला होता: एक तास उभ्याने चाललेलं इंजिन म्हणजे साधारण ३३ मैल, आपल्या ५३ किलोमीटर धावण्याएवढी झीज. आता समजा जीप रोज ३ तास अशी उभी राहिली. दिवसाचे १५९ किलोमीटर झाले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४७,७०० किलोमीटर, आणि मीटरवर त्यातला एकही नाही. गाडी-गाडीचा हिशेब वेगळा असेल, पण "मीटर फक्त ९० हजार दाखवतोय" म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. सरकारी गाडीचं लॉगबुक असतं. गाडी बघायला जाल तेव्हा ते बघायला मागा. मिळालं तर मीटरपेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवा.

दुसरी गोष्ट कागदाची, आणि इथेच जास्त माणसं अडकतात. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नियम आहे की १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी संपते. तिचं नूतनीकरण होत नाही, ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच जायला हवी. तेव्हा फोटो बघायच्या आधी पहिल्या नोंदणीची तारीख बघा. गाडी १३-१४ वर्षांची असेल तर तुमच्या नावावर येईपर्यंत वर्ष-दीड वर्षच हातात राहतं. पुढे खासगी गाडी म्हणून फेरनोंदणी करायची तर तपासणीत पास व्हायला हवी, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे.

लिलावात घेतलेली गाडी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३२ भरून नावावर करावी लागते. त्याला विक्री कायम झाल्याचं सहीचं पत्र आणि लिलावाला मंजुरी दिलेल्या आदेशाची प्रमाणित प्रत लागते. ही दोन कागदं हातात घेतल्याशिवाय गाडी आवारातून हलवू नका. सिंधुदुर्ग किंवा बेळगावकडची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागेल आणि गोव्याचा नंबर, गोव्याचा टॅक्स हे वेगळं. ते आधीच विचारून घ्या.

विम्याचंही बघा. सरकारच्या स्वतःच्या गाड्यांना सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यातून कायद्यानेच सूट आहे. म्हणजे गाडीला चालू विमा असेलच असं नाही. नवीन विमा काढल्याशिवाय ती रस्त्यावर घेऊ नका, अगदी घरापर्यंत आणायलासुद्धा नाही.

तिसरी गोष्ट पोलिसांच्या खुणांची. पोरांना दिव्याची, सायरनची, रंगाच्या पट्ट्यांची हौस असते. असूदे, पण गाडीवर नको. लोकांना पोलीस वाटेल असा वेश किंवा खूण बाळगणं हा गुन्हा होऊ शकतो, आणि नाक्यावर उत्तर द्यायला मालकालाच जावं लागतं. रंग बदलला तर आरसी बुकावर तशी नोंद करून घ्या. दिवा काढला की टपाला भोकं राहतात, ती नीट बुजवा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत. वायरलेस सेट आणि सायरनच्या वायरी बहुतेक वेळा कापून टेप लावून सोडलेल्या असतात. रात्रीत बॅटरी उतरते ती त्यामुळे. शॉर्ट झालं तर आगसुद्धा. इलेक्ट्रिशियनकडून त्या मुळापासून काढून घ्या.

आता आपल्या धंद्याचा प्रश्न. ही जीप खासगी मोटार म्हणून नोंद होणार. मुळात मालासाठी न बनवलेली गाडी मालासाठी वापरली तर कायदा तिला मालवाहू धरतो. मागच्या सीटा काढून रोज बर्फ आणि मासळीचे क्रेट भरले, आणि उद्या अपघात झाला, तर खासगी विम्याची कंपनी हात वर करू शकते. शिवाय क्रेटमधून गळणारं खारं पाणी चासीवर काय करतं ते आपल्याला सांगायला नको. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: घरच्यांना आणि खलाशांना न्यायला जीप चालेल, मासळीला मालवाहू पिकअपच हवी. चौघांनी मिळून एक पिकअप घेतली तरी ती चार जुन्या जीपांपेक्षा परवडेल.

काही जण म्हणतील, "बाजारात तीच गाडी दुप्पट किमतीला मिळते." खरं आहे. पण बाजारातली गाडी चालवून बघता येते. लिलावातली गाडी "जशी आहे, जिथे आहे" या अटीवर असते. एकदा बोली लागली की तक्रार चालत नाही, आणि माघार घेतली तर अनामत जाऊ शकते. शिवाय सुमो आणि जिप्सी बनायच्या बंद झाल्या आहेत. बोलेरो अजून बनते, तिचे पार्ट्स कुठेही मिळतात. हाही फरक पैशांचाच आहे.

गाडी घेतलीच तर पहिल्या महिन्यात सगळी तेलं, फिल्टर, कूलंट, ब्रेकच्या नळ्या आणि क्लच बघून घ्या. चासी, पाटे आणि पायाखालचा पत्रा टोकदार वस्तूने टोचून बघा. जेटीवरून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा. बोटीला जेवढं जपता तेवढंच हिलाही जपावं लागेल.

संस्थेच्या कर्जाबद्दल आमचा प्रस्ताव येत्या बैठकीत ठेवणार आहोत. पहिल्या नोंदणीची तारीख, मेकॅनिकने प्रत्यक्ष बघून दिलेला लेखी अंदाज आणि लिलावाच्या अटींची प्रत, ही तीन कागदं असल्याशिवाय जुन्या सरकारी गाडीला कर्ज नको. आणि जेवढी बोली, तेवढीच रक्कम दुरुस्ती आणि कागदांसाठी वेगळी दाखवावी. काहींना ही अट जाचक वाटेल. पण हे पैसे सगळ्या सभासदांचे आहेत, आणि ऑगस्टला बोट उतरवायला डिझेल, बर्फ आणि खलाशांचा आगाऊ द्यायला हेच पैसे लागतात. जीप दारात उभी आणि बोट किनाऱ्यावर उभी, अशी पाळी कोणाच्याच घरी येऊ नये.

वेगळं मत असेल तर बैठकीत या, किंवा खाली लिहा. ज्यांनी अशी गाडी वापरली आहे त्यांनी खर्चाचा खरा आकडा सांगावा, तो सगळ्यांच्या उपयोगी पडेल.


– सचिव, संस्थेच्या वतीने