संशोधनाची सवलत : जपानचा देवमासा आणि शिराळ्याचा नाग

सांगली - बत्तीस शिराळा येथे २०२५ च्या नागपंचमीनिमित्त २१ नाग पकडण्यास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगी दिली. ती पूजेसाठी वा मिरवणुकीसाठी नव्हती. शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाचे जतन हा तिचा हेतू सांगण्यात आला. शिराळ्यात तिचे स्वागत झाले, ते स्वाभाविकच. मात्र अशाच हेतूच्या आड एका देशाने तीन दशके काय केले, हे पाहिल्यावाचून या निर्णयाचे मोल कळणार नाही.

व्यापारी शिकारीमुळे देवमासे संपत चालल्याने आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये बंदीचा ठराव केला. १९८६ मध्ये ती अमलात आली. संशोधनासाठी तेवढी सवलत होती. तिचा आधार घेऊन जपानने १९८७ पासून अंटार्क्टिक समुद्रात शिकार चालू ठेवली आणि मांस बाजारात विकले. ऑस्ट्रेलियाने दाद मागितल्यावर मार्च २०१४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही शिकार संशोधनासाठी नसल्याचा निर्वाळा दिला. २००५ पासून सुमारे ३६०० मिंक देवमासे मारले गेले होते. त्यातून निघालेले तज्ज्ञपरीक्षित शोधनिबंध अवघे दोन! अखेर २०१९ मध्ये जपान आयोगातूनच बाहेर पडला आणि स्वतःच्या समुद्रात उघडपणे व्यापारी शिकार करू लागला.

योगायोग असा, की २०१४ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने शिराळ्यातील जिवंत नागांच्या मिरवणुकीला आणि खेळांना चाप बसला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील 'शिकार' या शब्दात प्राणी पकडणेही येते. कलम १२ मात्र शिक्षण व संशोधनासाठी वाट मोकळी ठेवते. शिराळकर नाग मारीत नाहीत, पूजून सोडून देतात. त्यांना देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे ठरेल. पंचमीची गर्दी ओसरल्याने गावाच्या पोटावर पाय आला, हेही नाकारता येत नाही.

न्यूझीलंडमधील कैकोरा हे एकेकाळचे देवमाशांच्या शिकारीचे ठाणे. तेथे रेल्वेच्या नोकऱ्या गेल्यावर माओरी कुटुंबांनी १९८७ मध्ये पर्यटकांना बोटीतून देवमासे दाखवण्यास प्रारंभ केला आणि गाव त्यावर उभे राहिले. आपल्याकडे शेजारच्या सातारा जिल्ह्यात, २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या कास पठारावर, परिसरातील गावांच्या समित्या प्रवेशशुल्क घेऊन पर्यटकांची व्यवस्था पाहतात. पण नाग काही कासच्या फुलांसारखा ठरल्या जागी दिसत नाही. तिकीट लावून दाखवायचा, तर पुन्हा मडक्यातच भरावा लागेल!

शिराळ्याचे खरे भांडवल आहे ते माग काढण्याचे कसब. मातीवरच्या खुणेवरून नागाचा ठावठिकाणा सांगणारी माणसे येथे आहेत, आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान याच तालुक्याला लागून आहे. जंगलातील वाटाडे, घरात शिरलेला साप सुखरूप बाहेर काढणारे, सर्पदंशाबाबत शाळाशाळांतून सांगणारे, अशी कामे त्यांना मानधनासह देता येतील. परवानगीत म्हटलेले पारंपरिक ज्ञान यापेक्षा वेगळे ते कोणते?

तूर्त पुढील परवानगीचा विचार करण्याआधी ते २१ नाग किती दिवस ठेवले, कोणत्या स्थितीत व कोठे सोडले आणि त्यातून कोण काय शिकले, याचा अहवाल वनखात्याने लोकांपुढे ठेवावा.