वर्गणी कुणाची, फौज कुणाची आणि हुकूम कुणाचा?

परवा नाहूर स्टेशनबाहेर चहा पिताना एकाने विचारलं, "नाटोवाले एवढे श्रीमंत देश, तरी वर्गणीवरून भांडतात कसे हो?" दुसरा लगेच म्हणाला, "आपल्या मंडळात काय वेगळं असतं? पावती फाडणारा म्हणतो पैसे माझे. रात्रभर मांडव बांधणारा म्हणतो घाम माझा. आणि अध्यक्ष भलताच."

सगळे हसले. मला मात्र वाटलं, ह्याचं उत्तर शोधायला युरोपात जायला नको. आपण उभे होतो त्या जमिनीलाच विचारा.

नाहूर, भांडुप, मुलुंड हा सगळा पट्टा जुन्या साष्टी बेटाचा. १७३७ साली साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पाठोपाठ मार्च १७७५ मध्ये पेशवाईच्या गादीसाठी आसुसलेल्या राघोबादादांनी सुरतेचा तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, दादांनी तिच्या खर्चापोटी महिन्याला दीड लाख रुपये मोजायचे, शिवाय साष्टी आणि वसई कायमची द्यायची. पुढे युद्ध झालं, दादांना गादी काही मिळाली नाही. पण १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे आपण राहतो ती जमीन एकेकाळी भाड्याच्या फौजेच्या हिशेबात लिहून दिली गेली होती.

आता दुसरं उदाहरण बघा. इथे मराठे गिऱ्हाईक नव्हते, बरोबरीचे भागीदार होते.

१७९० साली टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले. त्रिपक्षीय आघाडीच म्हणा. जिंकलेल्या मुलखाची सारखी वाटणी, असं ठरलं. वाटा कागदावर सारखा होता, पण भार सारखा कसा मोजणार? इंग्रजांकडे तोफा आणि कवायती पायदळ. मराठ्यांकडे घोडदळ, बैल आणि धान्याने भरलेला बाजार. तोफ मोठी की ज्वारीचं पोतं मोठं?

मे १७९१ मध्ये ह्याचं उत्तर मिळालं. कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला, लढाईही जिंकला. पण सैन्य उपाशी, बैल मरून पडलेले. शेवटी त्याने वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्या हाताने नष्ट केल्या आणि माघार घेतली. त्या माघारीतच समोरून घोडेस्वार आले. शत्रू समजून इंग्रज सावध झाले, तर ती हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज! टिपूच्या स्वारांनी मधले निरोप तोडल्यामुळे मित्र इतके जवळ आलेत ह्याचा पत्ताच नव्हता. मराठ्यांच्या बाजारात सगळं होतं. इंग्रजांनी चढ्या भावाने का होईना, पण धान्य घेतलं आणि जीव वाचवला. त्यानंतर हरिपंतांना पैशाची चणचण भासली, तेव्हा कॉर्नवॉलिसने चीनच्या व्यापारासाठी चाललेली चांदी वळवून त्यांना कर्ज दिलं. एकाकडे दाणे नव्हते, एकाकडे नाणी नव्हती. आघाडी म्हणजे असंच असतं.

पण आपलीही बाजू सगळी धुतल्या तांदळासारखी नव्हती. परशुरामभाऊंचे कित्येक महिने धारवाडच्या वेढ्यात गेले. पुढे ते बिदनूर-शिमोग्याच्या बाजूला वळले, कारण तुंगभद्रेकडचा मुलूख आपल्याला हवा होता. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री श्रीरंगपट्टणवर निर्णायक हल्ला झाला, तेव्हा भाऊ तिथे नव्हते. इंग्रज कुरकुरले. पण आघाडीतला प्रत्येक जण सामाईक युद्धाच्या आत स्वतःचं एक छोटं युद्ध लढत असतो. इंग्रजांचा डोळा मलबारवर होताच की.

मार्च १७९२ मध्ये तह झाला. टिपूचं अर्धं राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये ठरले. मुलखाचे तीन सारखे वाटे झाले. कुरबुरी होऊनही मराठ्यांना पूर्ण वाटा मिळाला, कारण फौज स्वतःची होती, धान्य स्वतःचं होतं. रागावून निघून जायची ताकदही स्वतःची होती.

आता फक्त दहा वर्षं पुढे या. ३१ डिसेंबर १८०२, वसई. दुसरे बाजीराव इंग्रजांची किमान सहा हजार तैनाती फौज कबूल करतात आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून देतात. रक्षणाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर गेला, आणि परराज्याशी परस्पर बोलायचा अधिकारही त्याच्याबरोबर गेला. पुढे १८१८ साली काय झालं, ते शाळेत शिकलोच आहोत.

माझं म्हणणं एवढंच आहे. भार वाटण्याचं भांडण दिसतं पैशाचं, पण असतं हुकुमाचं. नाटोने २०१४ मध्ये संरक्षणावर उत्पन्नाच्या २ टक्के खर्चाचं लक्ष्य ठेवलं. २०२५ मध्ये हेगला ते २०३५ पर्यंत ५ टक्के करायचं ठरलं. अमेरिका फुकट्या मित्रांवर चिडते, ते समजू शकतं. पण युरोप इतकी वर्षं दुसऱ्याच्या छत्रीखाली राहिला, त्यामुळे छत्री मिटायची धमकी आली की त्याला गप्प बसावं लागतं. बाजीरावांची गोष्ट वेगळ्या कोटात.

आणि उलटा अन्यायही आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सर्वात जास्त सैनिक पाठवणाऱ्या देशांत आपण वर्षानुवर्षं आहोत. दीडशेहून जास्त भारतीय जवान तिथे गेले ते परत आले नाहीत. मोठी वर्गणी श्रीमंत देशांची. मोहीम कुठे, कशासाठी आणि किती दिवस, हे ठरवणाऱ्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार फक्त पाच देशांना. त्या पाचांत आपण नाही. मांडव बांधायला आपण, पण बैठकीत कायमची खुर्ची नाही.

म्हणून उद्या आपला देश कुठल्याही लष्करी आघाडीत जायची चर्चा निघाली, तर टीव्हीवर "किती खर्च येणार?" एवढंच विचारलं जाईल. आपण पुढचे दोन प्रश्न विचारू या. माणसं कुणाची जाणार? आणि हुकूम कुणाचा चालणार? तिन्ही उत्तरं कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

साष्टीच्या माणसाने तर नाहीच.