पोळा सुगीनंतर येत नाही

संकटात ‘रोज आभार माना’ असे सांगणे म्हणजे पिचलेल्या माणसाला गप्प बसवणे, असे मत गेल्या अंकातील एका पत्रात वाचले. पीकविमा मागणाऱ्याला कुणी वरून असा उपदेश करत असेल, तर पत्रलेखकाचा संताप मलाही मान्य आहे. पण कृतज्ञता हे भरल्या पोटाचे चोचले, हे मुळीच पटत नाही.

आमच्या मराठवाड्यातला पोळाच पाहा. तो श्रावणी अमावास्येला येतो. तेव्हा सोयाबीन, कापूस शेतात उभा असतो आणि पाऊस शेवटपर्यंत साथ देईल का, हे कुणालाच ठाऊक नसते. तरीही आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, पोळ्याला पुरणपोळीचा घास आधी त्यांना जातो. हे आभार हाती आलेल्या पिकाचे नाहीत, झालेल्या कष्टांचे आहेत.

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या कृतज्ञतेवरील अभ्यासातही स्नायू-मज्जातंतूंच्या आजाराने ग्रासलेली माणसे होती. त्यांच्यातही रोज आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांची मनःस्थिती अधिक चांगली आढळली.

शेजारणीने दिलेली भाकरी आठवणारी बाई तहसीलवरच्या मोर्चातही जाते. यांतले एकच निवड, अशी सक्ती पत्रलेखकाने तिच्यावर करू नये.

– एक वाचक, अंबाजोगाई