ठराव आधी पारावर, मग ग्रामसभेत

ग्रामसभेचे चित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबर. दवंडी झाली, फळ्यावर सूचना लागली. अकरा वाजताची सभा साडेबाराला सुरू होते. विषय वाचले जातात. मागच्या बाकावरून कोणी तरी विचारतो, "काहून जी, हा विषय कधी ठरला?" उत्तर मिळते, "आता ठरवायचाच तर आहे. हात वर करा!" चार हात वर जातात, बाकीचे खाली पाहतात. झाले, ठराव मंजूर. हजेरीवर सह्या आणि अंगठे उमटतात आणि माणसे घरची वाट धरतात.

दोन महिन्यांनी तोच ठराव पायदळी तुडवलेला दिसतो. चराईबंदीचा ठराव होतो आणि बंदी केलेल्या जागेत जनावरे चरतात. अतिक्रमण काढण्याचा ठराव होतो आणि कुंपण हातभर पुढे सरकते. मग आपण म्हणतो, गावात एकी नाही. खरे पाहता एकी नाही असे नसून ती कोणी आधी विचारलेलीच नसते.

कायद्याच्या अंगाने या सभेत काही चुकले नाही. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमात वर्षाला किमान चार ग्रामसभा सांगितल्या आहेत. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढीही माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे नागऱ्यासारख्या मोठ्या गावाचा ठराव मूठभर माणसांतही होऊ शकतो. कागद पक्का झाला, पण तो पाळणार कोण? जे सभेत नव्हते त्यांनाच तर पाळायचा आहे!

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) नावाचे गाव आहे. वस्ती लहान, बहुतेक घरे गोंडांची. या गावाची कीर्ती दूरवर गेली, पण लोक ती जंगलासाठी आणि बांबूसाठी सांगतात. आपण तिथून शिकायची गोष्ट निराळी आहे, ती म्हणजे तिथे प्रस्ताव सभेपुढे कसा येतो.

1980 च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांच्या विरोधात मोठे आंदोलन उभे राहिले. 'जंगल बचाओ, मानव बचाओ' ही त्याची हाक होती. बाबा आमटे त्यात होते. त्या चळवळीच्या वाऱ्यातून मेंढ्यात एक घोषणा रुजली : 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' घोषणा द्यायला सोपी आहे. पण 'आम्हीच' म्हणजे कोण? सरपंच? पाटील? की सभेत मोठ्याने बोलणारे पाच जण? गावातले देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने याचे उत्तर शोधले. 'आम्ही' म्हणजे सगळे. निर्णय सर्वसहमतीने होईल, बहुमताने नाही.

मग प्रश्न आला, शंभर तोंडांची शंभर मते असताना सर्वसहमती व्हायची कशी? त्यासाठी त्यांनी दोन बैठका वेगळ्या केल्या. एक अभ्यास गट आणि दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात कोणीही बसावे, बाहेरचा जाणकार बोलवावा, कायदा वाचावा, हिशेब मांडावा, वाद घालावा. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. आणि ग्रामसभेत एखाद्याचा मनापासून विरोध असला, तर विषय पुढच्या बैठकीवर जातो.

ही विभागणी वरून साधी दिसते, पण सारी किमया तिच्यातच आहे. जिथे निर्णय व्हायचा नसतो तिथे माणूस मोकळा बोलतो. हरण्याची भीती नाही, म्हणून हट्टही नाही. "मला हे समजले नाही" असे म्हणायला लाज वाटत नाही. आपल्याकडे विषय पहिल्यांदा कानावर पडतो आणि त्याच मिनिटाला हात वर करायला सांगतात. ज्याला समजले नाही तो गप्प बसतो, आणि आपण त्या गप्पपणाला होकार समजतो.

वेळ लागतो, हे खरे आहे. पण त्या वेळेचे मोलही बघा. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. कागद मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात राहिला. गाव अडून बसले. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे 2013 मध्ये गावाने ग्रामदानाचा मार्ग धरला, खासगी शेतजमिनीही गावाच्या नावे करण्याचे ठरवले. स्वतःचा सातबारा गावाला देण्याचा विषय चार हात वर करून झाला असता काय? माझ्या मते या गावाची खरी ताकद हीच आहे. अशा गावात फूट पाडायला फट सापडत नाही. गाव करी ते राव न करी, म्हणतात ते असे.

आता कोणी म्हणेल, मेंढा लहान, एका जमातीचे, जंगलातले. आमचे नागरा मोठे, गोंदिया शहराला लागून, धानाचे. इथे नाना जाती, पोवारी, हिंदी आणि मराठी एकाच सभेत बोलणारी माणसे, राजकीय पक्षही हजर. शिवाय गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे 1996 चा पेसा कायदा आपल्याला लागू नाही. सगळे खरे. पण आधी समजावून घ्या आणि मग ठरवा, याला पेसा कशाला लागतो? पारावर बसायला कोणत्या कलमाची परवानगी लागते?

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या भागातल्या एखाद्या गावात मामा तलावाचा प्रश्न आहे. गावातल्या तरुण मंडळाचा प्रस्ताव आहे की, उन्हाळ्यात तलावात ठरावीक पाणी राखून ठेवायचे, मोरी त्याखाली उघडायची नाही. प्रस्ताव चांगला आहे. पण थेट ग्रामसभेत मांडला तर काय होईल? धानाला शेवटचे पाणी हवे असलेला शेतकरी उठेल. तलावाच्या पोटात उन्हाळी पीक घेणारा उठेल, कारण पाणी राहिले तर त्याची जागा बुडते. मासेमारी करणारे ढिवर बांधव राजी असतील, पण सभेत बोलणार नाहीत. धुणे आणि जनावरे ज्यांच्या वाट्याला, त्या बाया सभेलाच नसतील. दहा मिनिटांत आरडाओरड होईल आणि विषय पक्षाचा होऊन बसेल.

तोच प्रस्ताव दुसऱ्या वाटेने न्या. आधी तलावाच्या पाळीवर पाच-दहा जणांनी फिरून पाहावे, पाणी कुठवर राहते, किती बांधीला जाते, मोरी कुठे गळते. मग टोल्याटोल्याने बसावे. शेतकऱ्यांत वेगळे, ढिवरांत वेगळे, बचत गटाच्या बायांत वेगळे. प्रत्येक ठिकाणी एकच विचारावे : "तुमचे काय नुकसान होते, आणि काय केले तर चालेल?" कोणी म्हणेल, पाऊस कमी झालेल्या वर्षी सूट द्या. कोणी म्हणेल, आधी गळती थांबवा, मग पाणी राखा. हे सारे प्रस्तावात घालावे. सभेत येईल तेव्हा तो मंडळाचा प्रस्ताव राहणार नाही. त्यात प्रत्येकाचे एक वाक्य असेल, आणि आपले वाक्य माणूस सहसा मोडत नाही.

दोन आक्षेप मात्र प्रामाणिकपणे घ्यायला हवेत. पहिला, एकच अडेल माणूस सारे गाव धरून ठेवील. होय, ठेवू शकतो. म्हणून विरोध करणाऱ्याकडून कारण मागावे आणि ते वहीत लिहावे. कारण खरे असेल तर प्रस्ताव सुधारतो. नुसता आकस असेल तर दोन बैठकांत तो उघडा पडतो, आणि भरल्या गावात आकस फार दिवस टिकत नाही. शिवाय सगळ्याच गोष्टींना सर्वसहमती लागते असेही नाही. दारूचे दुकान बंद करायला महिलांच्या मतदानाची सोय आहे, तिथे निम्म्याहून जास्त महिला मतदारांचे मत पुरते, कारण दुकानाला कुलूप सरकार लावते. पण जे काम गावाने स्वतः रोज पाळायचे आहे, पाणी, चराई, तलाव, स्मशानाची वाट, तिथे एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास चालत नाही. एकोणपन्नास जण मोडायला बसले तर एक्कावन्न काय राखणार?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सर्वसहमतीच्या नावाखाली दांडग्यांचेच चालेल. ज्याच्या बांधीत मी मजुरीला जातो, त्याच्या समोर मी 'नाही' कसा म्हणू? हे भय खोटे नाही. म्हणूनच टोल्याची बैठक वेगळी हवी आणि नियमित ग्रामसभेआधीची महिला सभा कागदावर न राहता खरोखर व्हायला हवी. ती कायद्यातच आहे. जिथे गरिबाला बोलता येत नाही, तिथल्या एकमताला एकमत म्हणू नये.

आता तीन सूचना. चळवळीतल्या आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांना : ठरावाचा छापील नमुना खिशात घालून गावात येऊ नका. प्रश्न घेऊन या, शब्द गावाला घालू द्या. सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) यांना : सूचना काढायच्या आधी महिनाभर विषय सांगा. ठराव सभेतच लिहा आणि सह्यांच्या आधी मोठ्याने वाचून दाखवा. मागाहून घरी बसून लिहिलेल्या इतिवृत्तावर कोणाचाच विश्वास बसत नाही. आणि तारखेच्या दिवशी शेतीचे दिवसही बघा. 15 ऑगस्टला रोवणीची धांदल असते, अर्धे गाव चिखलात असते. मोठे विषय तेव्हा काढू नका. 26 जानेवारीला माणसाला उसंत असते.

तिसरी सूचना आपणा शेतकरी बांधवांना. "ग्रामसभेत जाऊन काय होते जी?" हे म्हणणे सोडा. सभेत फार काही होत नाही, हे मान्य. जे व्हायचे ते सभेआधीच्या महिन्यात होते. त्या महिन्यात तुम्ही नसाल, तर तुमच्या वतीने दुसरा कोणी तरी बसलेला असतो. नागऱ्याच्या शिवमंदिराजवळ महाशिवरात्रीला यात्रा भरते, तेव्हा गर्दी कोणाला सांगावी लागत नाही. तिथे आपले काही आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. ग्रामसभेबद्दलही तसे वाटायचे असेल, तर पुढच्या सभेचा एक विषय, फक्त एक, आजच पारावर काढा.